मचूळ पाण्याचा हिशेब : प्रस्तावना

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला उतरत माण तालुक्यात आले की तोच आकडा जेमतेम पाचशेवर येतो. एकाच जिल्ह्यात एवढी तफावत असल्यामुळे सातारा-सांगलीच्या पाण्याबद्दल आपण कायम 'किती' आणि 'कुणाला' याच भाषेत बोलत आलो. धरणे, उपसा योजना, आवर्तने, टँकर, समन्यायी वाटप ही सगळी चर्चा पाण्याच्या मापाची आहे. पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र मागे पडला. विहिरीला बारमाही पाणी आहे, पण त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. अशा विहिरीची कागदावरची नोंद 'पाणी उपलब्ध' अशीच होते. घरातली बाई मात्र पिण्याची कळशी भरायला दुसऱ्या वस्तीवर जाते.

हे पुस्तक त्या विहिरीबद्दल आहे. जमिनीखालचे मचूळ, खारे, जड पाणी आणि त्यात माणसांनी सोडलेली घाण यांवर प्रक्रिया करून ते पिण्याजोगे कसे करावे, आणि पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी ते कितपत सुधारावे, हा त्याचा विषय. विषय तांत्रिक आहे, पण वाचक म्हणून डोळ्यांपुढे ग्रामपंचायतीचा सदस्य, पाणीपुरवठा समितीतली बाई, द्राक्षबागायतदार, शाळेतला विज्ञानाचा शिक्षक अशी माणसे ठेवली आहेत. त्यांना रसायनशास्त्राची पदवी लागू नये, पण विक्रेत्याने पुढे केलेल्या आकड्याला उलट प्रश्न विचारता यावा, एवढी तयारी या पानांतून व्हावी.

या दोन जिल्ह्यांत पाणी खारे होते ते दोन वाटांनी, आणि त्या वाटा एकमेकींच्या अगदी उलट दिशेच्या आहेत.

पहिली वाट जास्त पाण्याची. कृष्णा आणि वारणेच्या काठचा कराड, वाळवा, पलूस, मिरज हा पट्टा खोल काळ्या जमिनीचा. ही माती पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही. कालव्याचे किंवा नदीचे पाणी गोडच असते, पण गोड म्हणजे क्षारविरहित नव्हे. हिशेब करून पाहू. नदीच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि उसाला पाटाने वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले असे धरू. एक एकराचे क्षेत्र सुमारे ४,००० चौरस मीटर. म्हणजे त्या एकरात ८,००० घनमीटर पाणी आणि त्याबरोबर दोन टन क्षार आले. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवते, क्षार जागेवर राहतात. निचरा असेल तर ते धुऊन खाली जातात आणि विहिरीत उतरतात. निचरा नसेल तर भूजल वर चढते आणि क्षार पृष्ठभागावर येतात. उन्हाळ्यात सकाळी बांधावरून पाहिले तर पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसते. तिला इथले शेतकरी मीठफुटी म्हणतात. तिच्या पुढची अवस्था चोपणाची. सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, जमीन ओली असताना चिखल आणि वाळली की दगड होते, आणि तिथल्या विहिरीचे पाणी वापरावे तसतशी ती आणखी बिघडते.

दुसरी वाट कमी पाण्याची. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस थोडा, बाष्पीभवन प्रचंड. जमिनीत मुरणारे पाणी क्षार धुऊन नेण्याइतके नसते. त्यात विहिरींची जागा बोअरने घेतली आणि बोअर दरवर्षी खोल गेले. खोलवरचे पाणी खडकाशी अनेक वर्षे संगत करून बसलेले असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराईड असे सगळे त्यात उतरलेले असते. उपसा वाढला की हेच जुने पाणी वर येऊ लागते.

वाळव्यातल्या मीठफुटीच्या विहिरीचे पाणी आणि जतच्या खोल बोअरचे पाणी यांचा आकडा यंत्रावर सारखाच दिसेल. पण पहिल्या ठिकाणी पाणी कमी द्यावे लागेल आणि निचरा काढावा लागेल, दुसऱ्या ठिकाणी पाणी मुरवावे लागेल आणि उपसा आवरावा लागेल. कारण न पाहता उपाय विकत घेणाऱ्या गावाचे पैसे वाया जातात, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल.

खडकाबद्दल थोडे सांगायला हवे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. नदीकाठचा गाळ सोडला तर वाळूच्या प्रदेशात असतो तसा पाण्याचा सलग साठा इथे नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत, भेगांत आणि दोन थरांमधल्या गेरूच्या पट्ट्याच्या आसपास. म्हणून एका बांधावरची विहीर गोडी आणि पलीकडच्या बांधावरची मचूळ असे घडते. शेजाऱ्याच्या पाण्याचा अहवाल आपल्या उपयोगाचा नसतो तो यामुळे. या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची पांढरी, गुलाबी खनिजे सापडतात. पुणे-नाशिककडच्या खाणींतले त्यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात जड पाणी मऊ करण्याची पहिली यंत्रे निघाली, ती याच खनिजांच्या गुणावर. झिओलाइट कॅल्शियम धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो.

तिसरी गोष्ट माणसांची. क्षार निसर्गाचे आणि सिंचनाचे, पण नायट्रेट बहुतांशी आपले. युरिया, शेणखताचे उघडे ढीग, गळके शोषखड्डे, गावाबाहेर तुंबलेली गटारे यांतून ते विहिरीत पोहोचते. सांगलीचा शेरीनाला शहराचे सांडपाणी कृष्णेत सोडत आला आहे, आणि पावसाळा संपल्यावर नदीत मासे मेल्याच्या बातम्या दोन्ही जिल्ह्यांना नव्या नाहीत. नदीकाठच्या विहिरींना पाझर नदीचाच असतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाणी ओसरले तेव्हा काठच्या गावांत पहिले काम होते ते विहिरी आणि टाक्या उपसून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकण्याचे. ज्या पाण्यात क्षार जास्त आहेत त्यातच जिवाणूही असू शकतात, आणि दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत.

भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) विरघळलेल्या एकूण घन पदार्थांसाठी, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात त्यासाठी, लिटरला ५०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत सूट आहे. जडपणासाठी २०० आणि ६००, क्लोराईडसाठी २५० आणि १,००० असे असेच दुहेरी आकडे आहेत. नायट्रेटचा आकडा मात्र एकच, ४५. त्याला सूट नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ते कमी करते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि ते अधिक दाट होते. आजी-आईंनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेला 'उकळून प्या' हा सल्ला जिवाणूंच्या बाबतीत शंभर टक्के खरा आहे, इथे मात्र तो लागू पडत नाही, आणि हे प्रत्येक अंगणवाडीत सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते.

या विषयाचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. कराडजवळ खोडशीला बंधारा घालून काढलेला कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला, दख्खनमधल्या पहिल्या आधुनिक कालव्यांपैकी एक. फलटणच्या पलीकडे नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात सुरू झाले आणि पंचवीस वर्षांत तिथल्या जमिनी फुटू लागल्या. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे १९१० साली तो प्रसिद्ध केला. जमीन, तिच्याखालचे पाणी आणि कालवा हे तिन्ही मिळून एकच व्यवस्था आहे, हे त्यातून स्पष्ट झाले होते. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर आणलेल्या ब्लॉक पद्धतीमागेही पाणी ठरावीक क्षेत्रात आणि ठरावीक मापाने द्यावे हाच विचार होता. पुढे सर क्लॉड इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांवर निचऱ्याचे काम केले. म्हणजे रोग आणि त्याचे औषध दोन्ही आपल्याला शंभर वर्षांपूर्वी माहीत होते. ते ज्ञान पुण्याच्या दप्तरांत राहिले आणि वाळव्याच्या बांधावर पोहोचले नाही, ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत जड बाब वाटते.

मग पंप आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी याच मुलखातली. मोटेची जागा इंजिनाने आणि पुढे विजेच्या मोटारीने घेतली. कोयना धरण, सहकारी साखर कारखाने आणि सहकारी उपसा सिंचन संस्था यांनी नदीकाठचे रूप पालटले. त्या समृद्धीचे मोल मी कमी लेखत नाही. या भागातल्या शाळा, दवाखाने, पक्की घरे त्यातूनच उभी राहिली. पण निचऱ्याचा खर्च त्या समृद्धीच्या हिशेबात कधी धरला गेला नाही.

पूर्वेकडची गोष्ट १९७२ च्या दुष्काळापासून वेगळी वळते. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, हवेच्या दाबावर चालणारी वेधन यंत्रे कठीण पाषाणात शिरली आणि गावोगाव हापसे बसले. देशभर गेलेल्या इंडिया मार्क टू हातपंपाच्या मुळाशी सोलापुरात आणि जालन्यात झालेले प्रयोग आहेत, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. हापशाने विहिरीतल्या नारूपासून आणि पटकीपासून लाखो माणसे वाचवली. त्याच वेधन यंत्राने पुढे शेतासाठी शेकडो फूट खोल बोअर घेतले. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण देणारा कायदा १९९३ चा, त्यापुढचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा. कायदा कागदावर चांगला आहे. बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटेच्या आत निघून जाते.

खाऱ्या पाण्याचे काय करावे यावर आज ढोबळमानाने चार विचार आहेत. या पुस्तकाने त्यांतला एक निवडून बाकीच्यांना खोटे ठरवलेले नाही.

एक विचार मुरवण्याचा. पावसाचे गोड पाणी जमिनीत घाला, खारेपणा आपोआप कमी होईल. माथा ते पायथा उपचार, पाझर तलाव, विहीर पुनर्भरण ही त्याची साधने. पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. त्यानंतर या विचाराला साताऱ्यात घराघरांत ओळख मिळाली. हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे, पण त्याला पाऊस लागतो, वेळ लागतो आणि मुरवलेले पाणी उसाला न देण्याचा गावाचा निर्धार लागतो.

दुसरा निचऱ्याचा. शेताखाली सच्छिद्र पाईप घालून खारे पाणी बाहेर काढायचे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने यावर दीर्घकाळ काम केले आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना एकत्र करून मोठ्या क्षेत्रावर ते प्रत्यक्षात आणले. एकट्याने करायचे हे काम नाही, कारण पाणी शेजाऱ्याच्या शेतातून नाल्यापर्यंत न्यावे लागते. जमीन सुधारते हे तिथे जाऊन कुणीही पाहावे. पाईपातून निघालेले खारे पाणी नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये जाते, हेही पाहावे.

तिसरा विचार दुसरीकडून आणण्याचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेला चढवले. प्रादेशिक नळयोजनांचा आधारही तोच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आणीबाणीत हे करावेच लागते. पण गावातला स्वतःचा स्रोत बिघडू द्यायचा आणि शंभर किलोमीटरवरून पाणी आणायचे, ही सवय महाग पडते.

चौथा विचार प्रक्रियेचा. पाण्यातून क्षार काढायचे, किंवा क्षारांतून पाणी. या पुस्तकाचा मोठा भाग त्याबद्दल आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

क्षारांतून पाणी काढण्याची सर्वांत जुनी रीत वाफेची. १८७२ साली चिलीतल्या लास सालिनास इथे खाणकामगारांसाठी आणि खेचरांसाठी काचेच्या छपराखाली उन्हावर खारे पाणी तापवून गोडे पाणी करणारा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने असे सौर ऊर्ध्वपातन गावपातळीवर करून पाहिले. मर्यादा सरळ आहे. एका चौरस मीटरला दिवसाला तीन ते पाच लिटर, त्याहून अधिक नाही. एका कुटुंबाच्या पिण्यापुरते ते होते, गावाचे होत नाही.

पडद्याची रीत नवी. १९६० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पडदा बनवला, की दाब दिला असता पाणी त्यातून वेगाने पार होते आणि मीठ मागे राहते. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या मचूळ पाण्याच्या गावात त्याचा पहिला व्यावसायिक प्रकल्प चालू झाला. समुद्राचे पाणी गोडे करणे हे पुढचे पाऊल होते. आज गल्लोगल्ली दिसणारा आरओ हा त्याचाच वंशज, आणि त्याची पहिली कामगिरी आपल्यासारख्याच गावासाठी होती.

विजेची रीत तिसरी. इलेक्ट्रोडायलिसिसमध्ये दाब नसतो. विजेच्या ओढीने क्षारांचे आयन पडद्यांतून बाजूला काढले जातात. जेवढे क्षार काढायचे तेवढीच वीज लागते, म्हणून हजार-दोन हजार टीडीएसच्या पाण्याला ही रीत विशेष जुळते, आणि वाया जाणारे पाणीही थोडे असते. अमेरिकेत २०१५ साली झालेल्या डिसाल स्पर्धेत सौर विजेवर चालणाऱ्या अशा यंत्राला पहिले पारितोषिक मिळाले. ते एमआयटी आणि जळगावच्या जैन इरिगेशनने मिळून केले होते. ही रीत जिवाणू मात्र काढत नाही. त्यासाठी निर्जंतुकीकरण वेगळे करावे लागते.

निर्जंतुकीकरणाबद्दल साताऱ्याजवळ स्वतःचे उदाहरण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की सुती साडीच्या चार पदरांतून गाळलेले पाणी सौर तापकाच्या नळ्यांत ६० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे राहिले तरी पिण्यास सुरक्षित होते. उकळी आणण्याची गरज नाही, वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही. क्षार जात नाहीत, आणि तसा दावाही संस्था करत नाही. जिथे विहिरीचे पाणी गोडे पण गढूळ आणि दूषित आहे तिथे आरओ बसवणे म्हणजे नको ते काम महाग करून घेणे आहे, हे या साध्या यंत्राने मला पहिल्यांदा नीट समजावले.

आता गावातल्या आरओचा हिशेब जवळून पाहू, कारण सगळ्या पुस्तकाचा गाभा त्यात आहे. दोन हजार वस्तीचे गाव घ्या. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटर शुद्ध पाणी. बोअरच्या पाण्याचा टीडीएस १,८०० आहे आणि यंत्र निम्मे पाणी शुद्ध करून देते असे धरू. म्हणजे वीस हजार लिटर उपसायचे. त्यात ३६ किलो क्षार असतात. शुद्ध पाण्यात जेमतेम एक किलो जातात. उरलेले ३५ किलो दुसऱ्या दहा हजार लिटरमध्ये साठतात आणि त्या पाण्याचा टीडीएस ३,५०० होतो. ते पाणी पाईपाने गटारात, गटारातून ओढ्याला, आणि ओढ्याचा पाझर पुन्हा त्याच बोअरला. वर्षाला साडेबारा टनांहून अधिक मीठ. यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात हा आकडा नसतो. ग्रामसभेतही तो विचारला जात नाही.

मीठ नाहीसे होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. मुरवणारा ते पातळ करतो, निचरावाला ते खाली पाठवतो, यंत्रवाला ते दाट करून बाजूला काढतो. म्हणून या पुस्तकात प्रत्येक उपायाला तीनच प्रश्न विचारले आहेत : पाणी कशासाठी हवे, त्या कामाला किती शुद्ध पुरेल, आणि उरलेले मीठ कुठे जाणार.

या प्रश्नांपैकी दुसऱ्याकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष आहे. धुणी, भांडी, शौचालय, जनावरे, फवारणी, ठिबक, बांधकाम या सगळ्यांना एकाच दर्जाचे पाणी लागत नाही. तीन हजार मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी दुभत्या जनावरांना साधारणपणे चालते. उलट, घर बांधताना विहिरीचे खारे पाणी सर्रास वापरले जाते आणि तिथे ते अजिबात चालत नाही. सळईच्या काँक्रीटसाठी मानकाने पाण्यातल्या क्लोराईडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे पर्यायी स्रोत नसताना पिण्याच्या पाण्याला जी सूट आहे तिच्या निम्मी. स्लॅबमधली सळई गंजून छताचे पापुद्रे पडू लागतात तेव्हा दोष सिमेंटला दिला जातो. तासगाव-कवठेमहांकाळच्या बागायतदारांनी डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे कलम करणे स्वीकारले, त्यामागे क्षार आणि पाणीटंचाई हीच कारणे होती. जड पाण्यात ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाचा जोर उतरतो आणि ठिबकचे ड्रीपर चुन्याने बसतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यांच्याकडे पाण्याचा सामू मोजायची पट्टी असते. गावाच्या नळयोजनेकडे बऱ्याचदा नसते.

सिंचनाच्या पाण्याला तर टीडीएस पुरतच नाही. सोडियमचे कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेले प्रमाण आणि शिल्लक कार्बोनेट हे दोन आकडे लागतात. मऊ केलेले पाणी झाडांना घालू नये ते याच कारणाने. मऊ करणारे यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम भरते, भांड्यांना ते बरे, काळ्या जमिनीला घातक.

हे सगळे आताच का लिहायचे, यालाही कारण आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरले. नळ आले, पण अनेक ठिकाणी त्यांच्या पलीकडे तोच बोअर आहे. २०१९ सालीच राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरू देऊ नये आणि जिथे वापरायचा तिथे किमान ६० टक्के पाणी परत मिळावे, असे निर्देश दिले. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न निदान सार्वजनिक झाला. याहून मोठे कारण पूर्वेकडे आहे. पाण्यासाठी जतच्या सीमेवरच्या गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, तो विषय २०२२ मध्ये पुन्हा पेटला. अशा भागाला कृष्णेचे पाणी मिळते आहे याचा आनंद कुणालाही व्हावा. पण पाण्यामागे ऊस येतो. वाळव्यात मीठफुटी व्हायला पिढ्या लागल्या. जत-आटपाडीत खालचे पाणी आधीच क्षारांनी भरलेले आहे, तिथे एवढा वेळ मिळेलच असे नाही. निचऱ्याचा आराखडा पाटाच्या आधी व्हायला हवा, आणि आज तसे करणे अजून शक्य आहे.

बाजाराबद्दलही बोलले पाहिजे. दारावर येणारा विक्रेता दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात नळाचे आणि एकात आरओचे. त्यांत विजेच्या कांड्या बुडवतो. नळाचे पाणी मिनिटभरात तपकिरी, गढूळ, किळसवाणे होते. घरातली माणसे हादरतात. ती घाण पाण्यातली नसते. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि कांडीचे लोखंड विरघळून गंज तयार होतो. स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ घालून हाच प्रयोग केला तरी हेच दिसेल. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. तीच गोष्ट खिशातल्या टीडीएस पेनची. ते विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका ठरावीक अंकाने गुणून दाखवते. नायट्रेट साठ आहे की सहा, जिवाणू आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही. ३०० आकडा दाखवणारे पाणीही आजारी पाडू शकते. जिल्हा परिषदेच्या सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे, हिरवे कार्ड आणि जलसुरक्षकाची पाण्यातले क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट यांना या चकचकीत पेनापेक्षा जास्त किंमत द्यायला हवी.

पुस्तकाची मांडणी या विचारातून आली आहे. सुरुवात यंत्रांपासून केलेली नाही. आधी खडक आणि माती, मग पाण्याचा अहवाल वाचण्याची रीत, मग वापरांची विभागणी, आणि त्यानंतर प्रक्रिया. वाचकाने थेट आरओच्या प्रकरणावर उडी मारू नये अशी विनंती आहे, कारण तिथल्या तक्त्यांतले निर्णय आधीच्या प्रकरणांतल्या आकड्यांवर उभे आहेत. प्रत्येक रीतीसोबत तिचा खर्च, देखभाल कोण करणार, सुटे भाग कुठून येणार आणि उरलेल्या खाऱ्या पाण्याची सोय यांचा स्वतंत्र विचार आहे. बंद पडलेल्या यंत्रांवरही एक प्रकरण आहे. गावे आणि कंत्राटदार यांची नावे त्यात दिलेली नाहीत. ती का बंद पडली एवढेच तपासले आहे, आणि बहुतेकदा कारण पडद्याचे नसून वीजबिलाचे किंवा पगार न मिळालेल्या चालकाचे निघाले.

समुद्राच्या पाण्याचे गोडेकरण, कोकणातल्या खाजणजमिनी आणि विदर्भातला फ्लोराईडचा प्रश्न इथे घेतलेला नाही. त्यांचे शास्त्र जवळचे असले तरी जमीन वेगळी आहे.

पुस्तक वाचण्याआधी आपल्या स्रोताचे दोन नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. एक मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर. दुसरा ऑक्टोबरअखेर, पाऊस सरल्यावर. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जिवाणूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, ती विसळू नये, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. बोअर असेल तर आधी काही वेळ मोटार चालू ठेवावी, म्हणजे पाईपात साचलेले पाणी निघून जाईल. दोन्ही अहवालांतला फरक हीच पहिली माहिती. पावसानंतर आकडा खाली आला असेल तर मुरवण्याला वाव आहे. वर गेला असेल तर वरचे काहीतरी धुऊन विहिरीत येते आहे. जागचा हलला नसेल तर पाणी खोलवरचे आणि जुने आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी या आकड्यांसाठी कोरा तक्ता ठेवला आहे, तो भरून मगच तिसरे प्रकरण सुरू करावे.